ब्रॅटलबरोचा एस्टी ऑर्गन: कारखाना, आतली रचना आणि दुरुस्ती

पायभाता

जुन्या संगीत नाटकांच्या ऑर्गनबद्दल बोलणे निघाले की एस्टी हे नाव येतेच. पाटीवर गावाचे नाव असते ब्रॅटलबरो, व्हरमाँट. गाव कुठले, कारखाना कसा होता आणि त्याच्या कामाच्या पद्धतीमुळे हे वाद्य आतून असे का आहे, ते एका जागी असावे म्हणून हा धागा. दुरुस्तीचे प्रश्नही इथेच विचारा.

ब्रॅटलबरो हे व्हरमाँट राज्याच्या आग्नेय कोपऱ्यातले, कनेटिकट नदीकाठचे गाव. आजही वस्ती बारा हजारांच्या आसपास. व्हेटस्टोन ब्रुक नावाचा ओढा इथे नदीला मिळतो आणि सुरुवातीचे कारखाने याच ओढ्याच्या बाजूने उभे राहिले. १८४६ पासून गावात मेलोडियन होऊ लागले. मेलोडियन म्हणजे टेबलासारख्या पेटीतले, पायाने भाता चालवायचे छोटे सुरांचे वाद्य. सूर म्हणजे इथे हवेने थरथरून आवाज काढणारी पितळी जीभ आणि तिची चौकट.

जेकब एस्टी (१८१४–१८९०) हा मूळचा वाद्यकार नव्हे. त्याचा धंदा शिशाच्या नळांचा आणि पंपांचा. त्याने एक इमारत बांधून मेलोडियनवाल्यांना भाड्याने दिली. भाडे थकले, तेव्हा भाड्याच्या बदल्यात त्याने धंद्यात हिस्सा घेतला आणि पुढे सगळा धंदाच त्याच्याकडे आला. नळ, पंप आणि हवा न गळणारे सांधे हे ज्याचे रोजचे काम, त्याच्या हाती भात्याचे वाद्य आले ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. एस्टीच्या वाद्यात सुरांइतकीच मेहनत हवा कोंडून ठेवण्यावर घेतलेली दिसते.

नंतर १८५७ मध्ये कारखाना जळाला. १८६४ मध्ये पुन्हा जळाला. १८६९ मध्ये ओढ्याला पूर आला. वाद्यांच्या कारखान्यात आग लागायला निमित्त फार लागत नाही: वाळवलेल्या लाकडाचे ढीग, रंधकामाचा भुसा, सरसाच्या चुली, वार्निश आणि या सगळ्याच्या जोडीला वाफेचे इंजिन. एस्टीने यातून दोन गोष्टी ठरवल्या. जागा उंचावर घ्यायची, म्हणून बर्ज स्ट्रीट. आणि इमारती एकमेकींना चिकटवायच्या नाहीत. तिथे आठ तीनमजली लाकडी इमारती एका ओळीत, मध्ये मोकळी जागा सोडून उभ्या केल्या, आणि आगीपासून बचावासाठी त्यांच्या भिंतींना बाहेरून स्लेटचे तुकडे जडवले. आपल्या शाळेच्या पाटीचा तोच दगड. छपराला स्लेट खूप ठिकाणी असते, पण सगळ्या भिंतींना खवल्यांसारखी स्लेट हे दृश्य विरळच. या इमारती अजून उभ्या आहेत. आसपासच्या कामगारवस्तीला एस्टीव्हिल म्हणतात.

रंगपट

उत्तम धागा. एक स्पष्ट करून घेऊ या: पायपेटी, ऑर्गन आणि हार्मोनियम हे शब्द आपल्याकडे सरमिसळ वापरले जातात. कोकणात दशावतारात वाजते ती पायपेटी आणि नाटक कंपन्यांमधला ऑर्गन ही एकच चीज समजायची का?

पायभाता

नाही. फरक हवेच्या दिशेचा आहे.

हार्मोनियममध्ये भाता हवा दाबतो आणि ती सुरांतून बाहेर ढकलली जाते. पायपेटी आणि हाताची पेटीही तशीच. पॅरिसच्या दबेनने १८४२ मध्ये हार्मोनियमचे पेटंट घेतले, आणि कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांनी १८७५ च्या सुमारास पाय काढून हातभात्याची पेटी केली, ती याच घराण्यातली. अमेरिकन ऑर्गन उलट चालतो. पायाने भाता उघडला की तो आतली हवा ओढून घेतो, पोटात हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा कमी होतो आणि बाहेरची हवा सुरांतून आत शिरते. या शोषणाच्या भात्याचे अमेरिकेतले पेटंट जेरेमिया कार्हार्टने १८४६ मध्ये घेतले. म्हणजे ज्या वर्षी ब्रॅटलबरोत काम सुरू झाले त्याच वर्षी.

समोर असलेले वाद्य कोणत्या जातीचे हे ओळखायला उदबत्ती पुरते. भाता भरून एक पट्टी दाबून धरा आणि धूर त्या सुराच्या तोंडाशी न्या. धूर आत ओढला गेला तर शोषणाचे, बाहेर फेकला गेला तर दाबाचे. उदबत्ती हातभर अंतरावरून न्या. आत शंभर वर्षे वाळलेले लाकूड आणि नमदा (दाबलेल्या लोकरीचे जाड कापड) आहे.

निषाद

आवाजातला फरक नुसत्या दिशेमुळे पडत नाही, यात आणखी दोन गोष्टी आहेत.

पहिली, सुराचे घर. आपल्या पेटीत सूर फळीवर उघडा, स्क्रूने बसवलेला असतो. एस्टीत प्रत्येक सूर लाकडात कोरलेल्या स्वतंत्र कप्प्यात सरकवून बसवलेला असतो, मागे खाचेत घट्ट. हा कप्पा आवाजातली कर्कश वरची टोके खातो.

दुसरी आणि जास्त महत्त्वाची: जिभेचा बाक. एमन्स हॅमलिनने १८४० च्या दशकाच्या शेवटी पितळी जीभ सपाट न ठेवता तिला हलका बाक आणि पीळ देऊन आवाज गोड करायची रीत काढली. पुढे सगळ्या अमेरिकन कारखान्यांनी ती उचलली. सूर बाहेर काढून उजेडाकडे धरला तर जिभेचे टोक एका बाजूला किंचित वळलेले स्पष्ट दिसते. आणि इथेच सगळ्यात मोठे नुकसान होते. हाताच्या पेटीची सवय असलेला माणूस तो पीळ पाहतो, जीभ वाकडी झाली असे समजून ती बोटाने सरळ करतो. त्या क्षणी तो सूर पेटीसारखा ओरडायला लागतो आणि शेजारच्या साठ सुरांशी त्याचे कधीच जमत नाही. पीळ चुकून गेलाच, तर त्याच सप्तकातल्या शेजारच्या दोन जिभा समोर ठेवून, अगदी थोडा थोडा बाक परत द्यावा लागतो. मोठे चिकाटीचे काम आहे.

रंगपट

नाटकाच्या बाजूने थोडे. हाताच्या पेटीवर डावा हात भात्यात अडकतो. ऑर्गनवर दोन्ही हात मोकळे, त्यामुळे उजव्या हाताने गायकामागे जाताना डाव्या हाताने षड्ज-पंचम धरून ठेवता येतो. ध्वनिक्षेपक नव्हते तेव्हा मोठ्या नाट्यगृहात भरीव, न तुटणारा आवाज गायकाच्या पाठीशी राहणे ही चैन नव्हती, गरज होती. १८८० मध्ये शाकुंतल रंगभूमीवर आले तेव्हा साथ सारंगीची होती. पेटी नंतर आली, आणि गंधर्व नाटक मंडळीच्या (स्थापना १९१३) काळात ऑर्गन ही नाट्यसंगीताची ओळखच झाली. नाट्यपदात दोन ओळींमधली जागा ऑर्गन ज्या पद्धतीने भरतो, ती हाताच्या पेटीवर तशी भरत नाही.

आवाज कमी-जास्त करायचे काम गुडघ्याचे. उजव्या गुडघ्याची फळी बाहेर दाबली की आतली झाकणे उघडतात आणि आवाज मोठा होतो. डाव्या गुडघ्याने सगळे स्टॉप (सुरांचे संच चालू-बंद करायच्या खुंट्या) एकदम लागतात. नवखे वादक आवाज वाढवायला पाय जोरात मारतात. त्याने काही साधत नाही, उलट भाता ताणला जातो.

अक्रोड

कारखान्याच्या इतिहासात थोडी भर.

रायली बर्डेट हा एस्टीचा सुरुवातीचा भागीदार आणि कल्पक कारागीर. १८६० च्या दशकात तो वेगळा होऊन शिकागोला गेला. तिथला त्याचा कारखाना १८७१ च्या शिकागोच्या मोठ्या आगीत गेला, मग तो पेन्सिल्वेनियातल्या ईरी गावी उभा राहिला. सूर बसवायच्या फळीच्या रचनेवरून त्याने एस्टीवर पेटंटचा दावा लावला. तो वर्षानुवर्षे चालला आणि १८८४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एस्टीच्या बाजूने निकाल दिला. निकाल उलटा लागला असता तर ब्रॅटलबरोचा कारखाना बुडाला असता, इतके त्यावर अवलंबून होते.

जेकबचा जावई लिव्हाय फुलर हे कंपनीचे यंत्रतज्ज्ञ डोके. तो १८९२ ते १८९४ व्हरमाँटचा गव्हर्नरही होता. १८९१ मध्ये अमेरिकन पियानो उत्पादकांनी पट्टी, म्हणजे मूळ स्वराची उंची, एकसारखी करण्यासाठी मध्य सप्तकाचा ए सेकंदाला ४३५ कंपनांवर बांधायचे ठरवले, त्यामागे फुलरचीच खटपट होती. त्याआधी प्रत्येक कारखान्याची पट्टी वेगळी.

पियानोशी नाते आणखी एक आहे. एस्टी पियानो कंपनी १८८५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये निघाली. ब्रॉंक्समधली तिची मनोऱ्यावर घड्याळ असलेली इमारत १८८६ ची, आणि २००६ मध्ये तिला शहराच्या वारसा यादीत घेतले गेले. म्हणजे पाटीवर एस्टी आहे पण वाद्य पियानो आहे, तर ते ब्रॅटलबरोचे नव्हे.

अवांतर: नॉर्थ कॅरोलिनातल्या शॉ विद्यापीठात एस्टी हॉल आहे. कृष्णवर्णीय मुलींच्या उच्च शिक्षणासाठी १८७० च्या दशकात बांधलेली ही इमारत जेकब एस्टीच्या देणगीमुळे त्याच्या नावाने ओळखली जाते.

कोकणकडा

प्रश्न विचारायचाच होता. एका संस्थेकडे एस्टी आहे, समुद्रापासून फार लांब नाही. पावसाळ्यात तीन-चार पट्ट्या दाबल्या की वर येत नाहीत, सूर चालूच राहतो. उन्हाळ्यात आपोआप बरे होते, पण तेव्हा भाता टिकत नाही. दोन्ही दुखणी वेगळी की एकच? आणि वाद्य साधारण कधीचे हे कसे कळेल?

पायभाता

आधी वय. मागची फळी काढा, आत लाकडावर ठोकलेला क्रमांक शोधा. एक लाखावा ऑर्गन १८८० च्या सुमारास झाला आणि अडीच लाखावा १८९२ मध्ये. यावरून दशक कळते. एकूण ५ लाख २० हजारांहून जास्त सुरांचे ऑर्गन या एका गावातून बाहेर पडले. पाटीवर ‘जे. एस्टी अँड कंपनी’ असेल तर जुन्या काळाकडे झुकते माप. पट्ट्यांच्या लाकडावर किंवा सुरांच्या फळीखाली कारागिराने पेन्सिलीने लिहिलेली तारीख पुष्कळदा सापडते, म्हणून आतले लाकूड घासायला घेण्यापूर्वी प्रत्येक फळी उजेडात तिरपी धरून बघा. खोक्याचे लाकूडही बोलते: अक्रोड आधीचे, ओक शतक बदलतानाचे.

आता दुखणी. दोन वेगळी आहेत, पण मूळ एकच: लाकूड फुगते आणि आक्रसते.

सरसडबा

पट्टी अडकण्याचे मी सांगतो.

एस्टीत पट्टीखाली एक बारीक लाकडी काडी असते. पट्टी दाबली की काडी खाली जाऊन झडप ढकलते, झडप उघडते. काडी फळीतल्या भोकातून जाते. दमट हवेत काडी आणि भोक दोन्ही फुगतात, काडी अडकते आणि झडप उघडीच राहते. पावसाळ्यात चालू राहणाऱ्या सुरांपैकी बहुतेकांचे कारण हेच. दुसरे कारण झडपेच्या चामड्यावर बसलेला कचरा, तिसरे झडपेची गंजून मोडलेली तार. ओळखायचे असे: पट्टी उचलून बाजूला काढा. सूर थांबला तर दोष पट्टीत, म्हणजे बाजूच्या पट्टीशी घासते किंवा मार्गदर्शक पिन गंजली. नाही थांबला तर काडी चिमट्याने वर उचला. आता थांबला तर काडी. तरीही चालू असेल तर झडप.

काडी लगेच घासू नका. पावसाळ्यात घासलेली काडी मे महिन्यात खुळखुळते. आधी बाहेर काढून चार दिवस कोरड्या, गरम जागी ठेवा, मग मऊ पेन्सिलीचे शिसे सर्व बाजूंनी चोळा. तेल अजिबात नको, मेणही नको. त्यावर धूळ बसून लुकण होते. तरीही अडकली तरच सर्वात बारीक सँडपेपरचे दोन हात. आणि काड्या काढताना क्रमाने भोकांच्या पुठ्ठ्यात खोचत जा, कारण लांबी एकसारखी नसते. पंधराव्या पट्टीची काडी सोळाव्यात गेली की एक पट्टी उंच आणि एक खोल बसते.

पट्ट्यांखालचा नमदा कसरीने खाल्ला असेल तर पट्टी खाली जाताना लाकडावर टक् वाजते. पट्टीची खोली नऊ-दहा मिलिमीटर असावी. नवा नमदा त्याच जाडीचा घाला. जाड घातला तर झडप पूर्ण उघडत नाही आणि खर्जाचे सूर दमल्यासारखे बोलतात.

पायभाता

आणि भाता.

रचना अशी: खाली पायाचे दोन छोटे भाते आणि त्यांच्या मागे एक मोठा साठ्याचा भाता. मोठ्याच्या आत जाड स्प्रिंगा आहेत, त्या त्याला सतत उघडत असतात. पाय दाबला की छोटा भाता उघडतो आणि मोठ्यातली हवा ओढतो. पाय सोडला की छोटा मिटतो आणि हवा बाहेर टाकतो. दोन्ही ठिकाणी भोकांवर चामड्याच्या पट्ट्यांच्या झडपा, हवा एकाच बाजूला जाऊ देणाऱ्या. म्हणजे वाद्य वाजवायला तयार असते तेव्हा मोठा भाता मिटलेला असतो. हाताच्या पेटीची सवय असलेल्याला हे उलटे वाटते. पूर्ण मिटला की एक पिन सुरक्षा-झडप उघडते, नाहीतर कापड फाटेल.

गळती कुठे आहे हे आधी वेगळे करा. सगळे स्टॉप बंद, पाय मारून भाता पूर्ण मिटवा, पाय काढा आणि घड्याळ लावा. अर्धे मिनिट ते मिनिटभर टिकला तर चांगला. पाच-दहा सेकंदात उघडला तर गळती आहे. मग वरचा सुरांचा भाग स्क्रू काढून उचला, भात्याच्या फळीवरच्या भोकावर चामडे लावलेली सपाट फळी क्लॅम्पने आवळा आणि पुन्हा घड्याळ. आता टिकला तर दोष वर आहे, भात्याला हात लावू नका. ही एक चाचणी न केल्याने किती चांगले भाते विनाकारण फाडले जातात!

कोकणकडा, तुमच्याकडे उन्हाळ्यात भाता टिकत नाही आणि पावसाळ्यात टिकतो, यावरून गळती वरच्या फळीतच असावी. कोरड्या हवेत सुरांच्या फळीला चीर पडते किंवा सांध्याचे चामडे आक्रसते. दमट हवेत ती चीर मिटते.

सरसडबा

चीर बुजवायची तर पुट्टी किंवा लांबी भरू नका. पुढच्या पावसाळ्यात लाकूड फुगेल, भरलेला भाग दबणार नाही आणि चीर दुसरीकडे जाईल. बारीक चिरेवर पातळ, मऊ चामड्याची पट्टी सरसाने चिकटवा. ते लाकडाबरोबर हलते. रुंद चिरेत त्याच जातीच्या लाकडाची निमुळती चीप बसवा, रेषांची दिशा तीच ठेवून.

दोन भाग जिथे आवळतात तिथल्या चामड्याच्या गादीकडेही बघा. ते कडक झाले असेल तर स्क्रू कितीही आवळा, हवा जाते. जास्त आवळले तर शंभर वर्षांपूर्वीचे भोक चरते.

निषाद

स्टॉप बंद असताना पट्टी दाबली आणि सूर कण्हत असेल, तर त्या स्टॉपचे झाकण नीट बसत नाही. झाकणाचे चामडे कडक झालेले असते किंवा त्याची स्प्रिंग सैल झालेली. ही गळती भात्याच्या चाचणीत दिसत नाही, कारण झडपा बंद असतात. पट्टी दाबल्यावरच कळते.

कोकणकडा

मन:पूर्वक आभार. क्लॅम्पची चाचणी करून घेतली. फळी आवळल्यावरही भाता आठ सेकंदातच उघडतो. म्हणजे खालीही गळती आहे. कापड बाहेरून ठीक दिसते, पण घडीपाशी बोट लावले की कडकड वाजते. स्थानिक कारागीर म्हणतो रेक्झिन लावू. लावू का?

सरसडबा

रेक्झिन नको. रेक्झिन जाड आणि ताठ. घडीत ते मोडत नाही, वळते, त्यामुळे भाता पूर्ण मिटत नाही आणि कोपऱ्यात हवा गळते. त्यावर सरस धरत नाही म्हणून लोक मग रबर सोल्युशन लावतात, ते दोन पावसाळ्यांत सुटते आणि लाकडावर चिकट थर ठेवून जाते. छत्रीचे कापडही नको, त्यातून हवा जाते.

मूळ कापड सुती, त्याला रबराचा थर. ते वाळले की पापडासारखे मोडते. तसेच रबर चढवलेले सुती कापड मिळवा: साठ्याच्या भात्याला पातळ, पायाच्या भात्यांना जाड. एका वाद्याला साधारण दोन मीटर लागते, पण आधी जुने कापड उलगडून मोजा.

क्रम असा ठेवा.

१. सगळ्यात आधी स्प्रिंगा. मोठ्या भात्यातल्या स्प्रिंगा दाबलेल्या असतात आणि कापड कापल्याबरोबर उसळतात. हात मोडू शकतो. भाता मिटवून दोरीने किंवा क्लॅम्पने बांधा, मगच कापड एका बाजूने सोडवा, फळी हळूहळू उघडू द्या आणि ताण संपल्यावर स्प्रिंगा काढा. प्रत्येक स्प्रिंग कुठल्या खोबणीत होती ते फळीवर लिहा.

२. जुने कापड ओरबाडून काढू नका. ओले गरम फडके दहा मिनिटे ठेवा, सरस मऊ होतो आणि कापड अखंड सुटते. तोच तुमचा नमुना. आत घडी नीट पडावी म्हणून पुठ्ठ्याच्या पट्ट्या चिकटवलेल्या असतात, त्या जपा. गेल्या असतील तर त्याच मापाच्या कापा. पट्ट्या आणि कडा यांच्यामधली बारीक फट तशीच सोडायची, घडी तिथेच पडते.

३. कापड काढलेच आहे तर झडपांचे चामडे बदला. मऊ, सुएडसारखी बाजू भोकाकडे. पट्टी ताणून ठोकली तर उघडत नाही, सैल ठोकली तर फडफडते आणि पाय मारताना फट्-फट् आवाज येतो.

४. सरस रात्री थंड पाण्यात भिजत घाला, सकाळी पाण्याच्या भांड्यात भांडे ठेवून गरम करा. ६० अंशांच्या थोडे वर, उकळी कधीच नाही. उकळलेल्या सरसाची पकड जाते. काम भराभर करा, थंड होऊ लागला की जेलीसारखा जमतो.

५. आधी बिजागरीची बाजू, मग समोरची लांब बाजू, शेवटी कोपरे. भाता जेवढा उघडायचा तेवढाच उघडा ठेवून कापड लावा. मूळ उघडझाप किती होती हे जुन्या कापडावरून कळते. कोपऱ्यावर स्वतंत्र ठिगळ.

६. रात्रभर वाळू द्या. मग पुन्हा घड्याळ.

पांढऱ्या सिंथेटिक गोंदाबद्दल: पकड उत्तम, पण पंचवीस-तीस वर्षांनी कापड पुन्हा बदलायची वेळ येईल तेव्हा लाकडाचे तुकडे घेऊन निघेल. सरस गरम पाण्याने सुटतो. एस्टीने सगळे वाद्य स्क्रू आणि सरस यांवर उभे केले आहे, म्हणजे उघडता येईल असेच. म्हणून तर आज ते दुरुस्त होते.

रंगपट

उंदरांचे काय? पायट्यांच्या (पायाने दाबायच्या फळ्यांच्या) फटीतून आत जातात आणि नमदा, चामडे सगळे कुरतडतात.

सरसडबा

पायट्यांच्या मागच्या मोकळ्या जागेत बारीक तारेची जाळी बसवा, पायटा पूर्ण दाबला तरी जाळीला लागणार नाही इतके अंतर ठेवून. डांबरगोळ्या सुरांच्या जवळ नकोत, त्यांची वाफ थंड पितळावर पांढरी बसते. बंद खोलीपेक्षा हवेशीर खोली बरी, आणि वाद्य भिंतीपासून वीतभर पुढे. आठवड्यातून दोनदा वाजवले तरी चामडे आणि कापड मऊ राहते.

अक्रोड

कारखान्याचा उत्तरार्ध राहिला आहे, तो थोडक्यात. १८९० च्या दशकानंतर घरोघरी पियानो जाऊ लागला. टपालाने माल विकणाऱ्या सीअर्सनेही बेकविथ नावाने स्वस्त ऑर्गन काढले. मग फोनोग्राफ, मग रेडिओ. एस्टीने १९०१ मध्ये विल्यम हॅस्केलला आणून पाइप ऑर्गन (नळ्यांतून वाजणारे मोठे ऑर्गन) सुरू केले. हॅस्केलने धातूची जीभ न वापरता तशाच आवाजाचे पाइप केले, म्हणजे ज्या कारखान्याचे सारे आयुष्य सुरांच्या जिभेवर गेले तिथेच जिभेशिवायचा तो आवाज. ३,२०० च्या वर पाइप ऑर्गन झाले. दोन्ही महायुद्धांत लष्करी पाद्र्यांसाठी घडीचे, उचलून नेता येणारे छोटे ऑर्गनही इथून गेले. १९५४ मध्ये इलेक्ट्रॉनिक वाद्यांचा जर्मन तंत्रज्ञ हॅराल्ड बोडे ब्रॅटलबरोला आला आणि त्याच्या रचनेचे इलेक्ट्रॉनिक ऑर्गन निघाले. १९६० मध्ये कारखाना बंद. आता जुन्या इंजिनघरात एस्टी ऑर्गनचे संग्रहालय आहे, २००२ मध्ये सुरू झालेले.

कोकणकडा

भात्याचे काम वरील क्रमाने सुरू करतो. शेवटचा प्रश्न सुरांचा. पाच-सहा सूर बोलत नाहीत आणि एक स्टॉप लावला की सगळेच बेसूर थरथरते. गुजरातमधल्या पालिताण्याचे, पेटीत घालतात ते सूर आणून बदलायचे का? आणि सगळे आजच्या ४४० कंपनांच्या पट्टीवर जुळवून घ्यावे का?

निषाद

तिन्ही गोष्टींना थांबा.

न बोलणारे सूर बहुधा फक्त धुळीने बंद असतात. जीभ आणि चौकट यांच्यामधली फट केसाएवढी असते, एक तंतू पुरतो. सूर काढायला टोकाला बारीक आकडा असलेली सपाट पोलादी पट्टी लागते. सुराच्या मागच्या कडेच्या खाचेत अडकवून सरळ ओढायचे, वाकडे ओढले तर कप्प्याची कड तुटते. आधी पुठ्ठ्यावर ६१ घरांच्या ओळी आखा, जितके सुरांचे संच तितक्या. दोन संच म्हणजे १२२ सूर. प्रत्येकावर स्वराचे अक्षर ठोकलेले असते, पण तेच अक्षर पाच सप्तकांत येते, त्यामुळे क्रम आपणच सांभाळायचा. मऊ ब्रशने रिव्हेटकडून (जीभ चौकटीला जिथे ठोकलेली असते तिथून) टोकाकडे झाडा. टोकाकडून रिव्हेटकडे ब्रश अडकतो आणि जीभ वर उचलली जाते. पितळ चकचकीत करायची पॉलिश लावू नका. ती फटीत वाळून बसते, शिवाय घासले की सूर बदलतो.

पालिताण्याचे सूर पेटीसाठी उत्तम आहेत, पण ते स्क्रूने बसणारे. एस्टीच्या कप्प्यात ते बसत नाहीत, बसवायला कप्पा कोरला तर वाद्य कायमचे गेले. जीभ खरोखर मोडली असेल तर दुसऱ्या निकामी अमेरिकन ऑर्गनमधला त्याच स्वराचा, त्याच रुंदीचा सूर शोधा.

थरथरणारा स्टॉप पाहा बरे, पाटीवर व्हॉक्स ज्युबिलांटे असे नाव आहे का? असेल तर तो बेसूर नाही. त्यातला एक संच दुसऱ्यापेक्षा मुद्दाम किंचित चढा बांधलेला असतो, दोन्ही मिळून लाट उठते. मध्य सप्तकात ही लाट सेकंदाला दोन-चार एवढी असावी. वर जाताना जलद, खाली येताना संथ. पेटी जुळवणारे तो संच दुसऱ्याच्या बरोबर आणून ठेवतात आणि मग स्टॉप लावला न लावला सारखाच. व्हॉक्स ह्युमाना नावाचा स्टॉप वेगळा, त्यात आत पुठ्ठ्याचा पंखा फिरतो. तो अडकला असेल तर दोन्ही टोकांच्या टेकूला घड्याळाच्या तेलाचा एकेक थेंब, बाकी काही नाही.

४४० बद्दल: वाद्य ४३५ चे असेल तर फरक सुमारे २० सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) आहे. एवढे चढवायला प्रत्येक जिभेचे टोक घासावे लागेल, म्हणजे १२२ जिभांवरून कायमचे पितळ काढायचे. एकट्या गायकामागे वाजवायचे असेल तर काहीच गरज नाही, तंबोरा ऑर्गनला लावा, तबलाही त्यालाच लावा. एखादा सूरच शेजाऱ्यांपासून सुटला असेल तर तेवढाच दुरुस्त करा: जिभेखाली पातळ पत्र्याची पट्टी सरकवा, चढवायचा तर टोकाकडे, उतरवायचा तर रिव्हेटजवळ बारीक कानशीचा एक-दोन हलका हात. मग सूर परत कप्प्यात घालून ऐका. तोंडाने फुंकून जुळवू नका, कप्प्यात तो वेगळा बोलतो. आणि हातात धरलेला सूर गरम होऊन किंचित उतरतो, म्हणून बसवल्यावर दोन मिनिटे थांबून मगच पुढचा हात मारा. भाता दुरुस्त होईपर्यंत मात्र एकाही जिभेला कानस लावू नका. गळक्या भात्यावर हवेचा ताण स्थिर राहत नाही आणि खर्जाचे सूर त्याबरोबर वर-खाली होतात.